विश्लेषण : जिम कॉर्बेट यांची ‘हलकी’ रायफल आणि १८९२ चे काडतूस… शिकाऱ्यांच्या जगात ७ मिमी गोळी आजही का टिकून आहे?

नरभक्षक वाघांचा माग काढणारे जिम कॉर्बेट मराठी वाचकांना अनुवादांमुळे घरचेच वाटतात. त्यांच्या गोष्टींतले वाघ सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण हातातल्या रायफलकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ती रायफल वापरत असलेले काडतूस १८९२ मध्ये जर्मनीत तयार झाले. त्यानंतर दोन महायुद्धे झाली, कितीतरी नवी आणि जास्त ताकदवान काडतुसे बाजारात आली. तरीही हे जुने काडतूस आजही बनते आणि विकले जाते. असे काय आहे त्यात? याचे उत्तर कॉर्बेट यांच्या आयुष्यातून जितके स्पष्ट होते, तितके तांत्रिक तक्त्यांतून होत नाही.

कोण होते जिम कॉर्बेट?

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालमध्ये झाला. वडील ख्रिस्तोफर तिथले पोस्टमास्तर होते. कुटुंब मोठे आणि उत्पन्न बेताचे. जिम लहान असतानाच वडील वारले आणि घराचा भार आई मेरी जेन यांच्यावर आला. उन्हाळा नैनितालला आणि थंडी पायथ्याच्या कालाढुंगीला, असे या कुटुंबाचे वर्ष विभागलेले असे. कालाढुंगीच्या घराला लागूनच जंगल होते. पक्ष्यांचे आवाज, वाळूवरचे ठसे, वानरांचे इशारे हे सगळे जिम तिथेच शिकले.

शिक्षण लवकर सुटले आणि ते रेल्वेत नोकरीला लागले. पुढे बिहारमधील मोकामा घाट येथे गंगेकाठी एका गाडीतला माल उतरवून दुसरीकडे चढवण्याचे कंत्राट त्यांनी घेतले आणि २० वर्षांहून अधिक काळ ते काम केले. म्हणजे कॉर्बेट हे व्यावसायिक शिकारी नव्हते. मजुरांचा हिशेब ठेवणारे, त्यांच्यासोबत राबणारे ते कंत्राटदार होते. नरभक्षकांची शिकार त्यांनी केली ती सरकारकडून किंवा गावकऱ्यांकडून बोलावणे आल्यावर, बहुतेकदा रजा काढून.

पहिली बंदूक कशी होती?

लहानपणी त्यांना मिळालेली पहिली बंदूक तोंडाकडून दारू भरायची दुनळी होती आणि तिची एक नळी फुटलेली होती. उरलेल्या एका नळीवर काम भागवायचे. नेम चुकला तर पुन्हा दारू ठासेपर्यंत सावज निघून जाणार. पुढे नैनितालच्या कॅडेट तुकडीत असताना .४५० मार्टिनी रायफल हाताळायला मिळाली. या रायफलचा दणका मोठ्या माणसाचाही खांदा दुखवणारा होता.

दोन्ही अनुभवांतून एकच धडा मिळाला. गोळी मोजून वापरायची आणि चापाला बोट लावण्याआधी ती कुठे लागणार हे नक्की करायचे. कॉर्बेट यांच्या पुढच्या सगळ्या शिकारींत ही सवय दिसते.

चंपावतची वाघीण आणि रायफलची भेट

१९०७ मध्ये कुमाऊँच्या चंपावत भागात एका वाघिणीने दहशत माजवली होती. आधी नेपाळमध्ये आणि नंतर कुमाऊँमध्ये मिळून ४३६ माणसांचा बळी तिने घेतल्याची नोंद आहे. वाटा ओस पडल्या होत्या. बायका लाकूडफाटा आणि चाऱ्यासाठी रानात जाईनात, पिके शेतात उभी राहिली. कॉर्बेट यांनी जाण्याचे कबूल करताना दोन अटी घातल्या. वाघिणीवरचे बक्षीस रद्द करायचे आणि जंगलात असलेले इतर बंदूकधारी मागे घ्यायचे. बक्षिसासाठी मारणारा अशी ओळख त्यांना नको होती आणि दुसऱ्या कुणाच्या घाईच्या गोळीला आपण बळी पडावे अशीही इच्छा नव्हती.

गावकऱ्यांनी ढोल, डबे वाजवून हाका घातला. कॉर्बेट यांच्याकडे .५०० बोअरची दुनळी रायफल होती आणि काडतुसे फक्त तीन. तिन्ही संपली तेव्हा वाघीण जखमी होती, पण जिवंत होती. अखेर चंपावतच्या तहसीलदारांची जुनी बंदूक मागून घेऊन त्यांनी शेवटची गोळी झाडली.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना एक नवी रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी अँड कंपनीने बनवलेली, .२७५ कॅलिबरची. तिच्या दस्त्यावरील चांदीच्या पट्टीवर चंपावतच्या वाघिणीचा आणि १९०७ या वर्षाचा उल्लेख कोरलेला आहे.

.२७५ रिग्बी म्हणजे नेमके काय?

आधी काडतूस म्हणजे काय ते पाहू. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, असे चार भाग मिळून एक काडतूस होते. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. प्रत्यक्षात नळीतून बाहेर पडते ती फक्त पुढची गोळी.

जर्मनीतील ओबर्नडॉर्फ गावच्या माउझर कारखान्याने १८९२ मध्ये ‘७ × ५७’ हे काडतूस तयार केले. ७ म्हणजे मिलिमीटरमध्ये कॅलिबर आणि ५७ म्हणजे पुंगळीची लांबी. धूर न करणारी नवी दारू तेव्हा नुकतीच आली होती. काळ्या दारूपेक्षा तिच्यातून कितीतरी जास्त ऊर्जा मिळे. त्यामुळे जाड, जड गोळीची गरज उरली नाही. बारीक आणि लांब गोळी जास्त वेगाने फेकता येऊ लागली.

रिग्बी कंपनी ब्रिटनमध्ये माउझर रायफली विकत होती. ब्रिटिश गिऱ्हाइकाला मिलिमीटरची सवय नव्हती. नळीच्या आतल्या उंचवट्यांमधले अंतर इंचात मोजले तर .२७५ येते. .२७५ ला २५.४ ने गुणले की उत्तर जवळपास ७ मिलिमीटर. म्हणून त्याच काडतुसाला .२७५ रिग्बी हे नाव मिळाले. नाव वेगळे असले तरी मूळ माल तोच.

युद्धभूमीवरून जंगलात कसे आले?

हे काडतूस शिकारीसाठी नव्हे, सैन्यासाठी बनले होते. स्पेनने १८९३ मध्ये ते आपल्या लष्करासाठी स्वीकारले. १८९८ मध्ये क्युबातील सॅन हुआन टेकडीच्या लढाईत संख्येने कमी असलेल्या स्पॅनिश सैनिकांनी याच माउझर रायफलींनी अमेरिकी सैन्याला मोठी किंमत मोजायला लावली. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी हीच रायफल ब्रिटिशांविरुद्ध वापरली. दूरवरून, अचूक आणि दिसेल असा धूर न सोडता.

दोन्ही बलाढ्य सैन्यांनी धडा घेतला. अमेरिकेने माउझरच्या धर्तीवर स्प्रिंगफील्ड रायफल बनवली आणि तिच्यासाठी १९०६ मध्ये आजचे प्रसिद्ध .३०-०६ काडतूस आले. ब्रिटिशांनीही .२७६ कॅलिबरच्या नव्या रायफलीची चाचणी सुरू केली, पण पहिले महायुद्ध उभे ठाकल्याने ती योजना मागे पडली.

शिकाऱ्यांना मात्र या काडतुसात वेगळेच काही सापडले होते.

इतकी लहान गोळी मोठ्या जनावराला पुरते कशी?

मूळ लष्करी काडतुसातली गोळी ११.२ ग्रॅमची होती आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ७०० मीटर. शाळेतले सूत्र लावले (वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन) तर ऊर्जा सुमारे २,७०० ज्यूल येते. कॉर्बेट यांच्याकडे नंतर .४५०/४०० बोअरची दुनळीही होती. तिची गोळी सुमारे २६ ग्रॅमची आणि वेग साधारण ६५० मीटर. ऊर्जा जवळपास ५,५०० ज्यूल, म्हणजे दुप्पट.

मग दुप्पट ताकदीची रायफल हाताशी असताना लहान कशाला? याची तीन कारणे आहेत.

पहिले, दणका. गोळी ज्या संवेगाने पुढे जाते, तितकाच संवेग रायफलला मागे ढकलतो. मोठ्या दुनळीच्या गोळीचा संवेग ७ मिमी गोळीच्या दुपटीहून जास्त भरतो. तो खांद्यावर बसू नये म्हणून रायफल जड करावी लागते. जड रायफल डोंगर चढताना दमवते आणि ऐनवेळी पटकन फिरत नाही. शिवाय दणक्याची धास्ती बसली की माणूस चाप ओढताना नकळत डोळे मिटतो, खांदा आखडतो आणि नेम हलतो.

दुसरे, आकार. ७ मिमी गोळी तिच्या जाडीच्या मानाने लांब आणि वजनदार असते. पोत्यावर हातोडा मारला तर खळगा पडतो, पण दाभण आरपार जाते. तसेच इथे आहे. सगळा भार बारीक टोकामागे असल्याने गोळी खोलवर पोहोचते आणि हवेतही तिचा वेग तुलनेने सावकाश कमी होतो.

तिसरे, सर्वसमावेशकता. हलकी, सुमारे ९ ग्रॅमची गोळी भरली तर हरणासारख्या जनावरासाठी आणि लांबच्या नेमासाठी. ११ ग्रॅमची भरली तर जास्त जाड कातडी आणि हाडांसाठी. रायफल एकच, कामे अनेक.

आफ्रिकेत ‘करामोजो’ बेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्कॉटिश शिकाऱ्याने याच कॅलिबरने शेकडो हत्ती मारले. हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने अभ्यास केला होता. आज आफ्रिकेतील अनेक देशांत हत्तीसाठी याहून मोठे कॅलिबर कायद्यानेच बंधनकारक आहे आणि ते योग्यही आहे. बेलच्या हातात जमलेली गोष्ट सगळ्यांच्या हातात जमत नाही. पण त्याच्या उदाहरणातून एक मुद्दा स्पष्ट होतो. गोळी किती मोठी यापेक्षा ती कुठे लागली हे महत्त्वाचे.

११ एप्रिल १९३० : चौगढच्या वाघिणीसमोर काय घडले?

या काडतुसाची सगळ्यात मोठी परीक्षा कुमाऊँच्या एका अरुंद घळीत झाली. चौगढच्या वाघिणीने आणि तिच्या वाढत्या पिल्लाने पाच वर्षांत ६४ माणसे मारली होती. त्या दिवशी कॉर्बेट आमिषासाठी रेडा बांधायला निघाले होते. वाटेत रातवा पक्ष्याची दोन वेगळ्याच आकाराची अंडी दिसली. पक्ष्यांच्या अंड्यांचा संग्रह करण्याचा त्यांना छंद होता. अंडी त्यांनी डाव्या हातात जपून धरली, उजव्या हातात हलकी रायफल छातीशी आडवी.

घळीत एका मोठ्या खडकाला वळसा घालून पुढे गेल्यावर त्यांनी खांद्यावरून मागे पाहिले. वाघीण समोरच बसलेली. अंतर जेमतेम आठ फूट. रायफलचे तोंड तिच्यापासून बरेच दूर वळलेले. दोन्ही हात वापरायचे तर अंडी टाकावी लागणार आणि झटका दिसला की ती झेपावणार. कॉर्बेट यांनी एकाच हाताने, जवळजवळ न जाणवेल अशा संथ गतीने रायफल फिरवत आणली. हात दुखू लागला, पण थांबता येत नव्हते. वाघीण त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बसली होती. नळी तिच्या अंगाकडे वळताच त्यांनी चाप ओढला. गोळी पाठीचा कणा आणि हृदय भेदून गेली. वाघीण जागेवरच कलंडली.

नंतर त्यांनी स्वतःच हिशेब मांडला. डाव्या हातातली अंडी, हलकी रायफल आणि समोरचे जनावर नरभक्षक असणे, या तिन्ही गोष्टी वरवर त्यांच्या विरोधात होत्या, पण त्यांनीच जीव वाचवला. अंडी होती म्हणून घाईची हालचाल झाली नाही. रायफल हलकी होती म्हणून ती एका हाताने फिरवता आली. जड दुनळी असती तर हे शक्य नव्हते. आणि नरभक्षक नसलेली वाघीण कोंडीत सापडल्यावर इतका वेळ बसून राहिलीच नसती. अंडी त्यांनी परत घरट्यात नेऊन ठेवली. थोड्या वेळाने पक्षीण त्यांवर येऊन बसली होती.

जास्त ताकद नेहमीच जास्त उपयोगी नसते, हे सांगायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

पण चुकलेली गोळी काय करते?

या कथेची दुसरी बाजू कॉर्बेट यांनीच नोंदवून ठेवली आहे आणि ती जास्त महत्त्वाची आहे. चंपावतच्या वाघिणीच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. कारण, कधीकाळी कुणीतरी झाडलेली गोळी. त्यामुळे तिला नेहमीची शिकार पकडता येईना आणि ती माणसाकडे वळली. ४३६ मृत्यूंच्या मुळाशी एक अर्धवट लागलेली गोळी होती. १९३८ मध्ये त्यांनी मारलेल्या ठाकच्या वाघिणीच्या अंगावरही बंदुकीच्या जुन्या जखमा होत्या. मुक्तेश्वरची वाघीण साळिंदराशी झुंजताना एक डोळा गमावून बसली होती आणि तिच्या अंगात सुमारे ५० काटे रुतले होते. वाघ मुळात माणसाचा वैरी नसतो, तो जायबंदी किंवा म्हातारा झाला की नाइलाजाने माणसाकडे वळतो, हा निष्कर्ष त्यांनी अशा खुणांवरून काढला.

ते स्वतःही चुकले होते. चौगढच्या शिकारीत वर्षभर आधी दोन वाघ एकत्र दिसले असता आई समजून त्यांनी पिल्लाला गोळी घातली. नेम अचूक होता, निवड चुकली. त्या चुकीमुळे पुढच्या वर्षभरात आणखी १५ माणसे गेली, हे त्यांनी पुस्तकात लपवलेले नाही. काडतूस कितीही भरवशाचे असले तरी कुणावर झाडायचे हा निर्णय ते घेत नाही.

बंदूक खाली का ठेवली?

कॉर्बेट संत नव्हते. तरुणपणी त्यांनी हौसेसाठी शिकार केली, पुढे बड्या ब्रिटिश पाहुण्यांसाठी शिकारीची व्यवस्थाही पाहिली. पण १९२० च्या दशकात जंगल आटत चालल्याचे त्यांना दिसू लागले. वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन रात्री वाघांची छायाचित्रे घेत असत. त्यांच्या कामाने प्रभावित होऊन कॉर्बेट यांनीही चलचित्र कॅमेरा हाती घेतला. त्यानंतर रायफल उचलली ती मुख्यतः नरभक्षकांसाठी.

१९३६ मध्ये रामगंगेच्या खोऱ्यात हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत कॉर्बेट होते. ऑगस्ट १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई कार्यालयाने त्यांचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ प्रकाशित केले आणि ते जगभर गेले. पहिल्या आवृत्तीचे मानधन त्यांनी युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांच्या संस्थेला दिले.

स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या अखेरीस ते बहीण मॅगी यांच्यासह केनियात न्येरी येथे स्थायिक झाले. १९ एप्रिल १९५५ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. पुढे हेली उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही तिथूनच झाली. शिकाऱ्याचे नाव अभयारण्याला मिळाले, याचे अनेकांना नवल वाटते. पण वाघ का उलटतो हे देशाला समजावून सांगणारा माणूसही तोच होता.

त्यांची .२७५ रायफल पुढे त्यांच्या प्रकाशकांकडे गेली आणि अखेर पुन्हा रिग्बी कंपनीकडे आली. २०१६ मध्ये ती कुमाऊँमध्ये आणून लोकांना दाखवण्यात आली. ज्या गावांच्या रक्षणासाठी ती मिळाली होती, तिथल्या पुढच्या पिढ्यांनी ती पाहिली.

हे काडतूस आजही का टिकून आहे?

नव्या काडतुसांचा वेग जास्त आहे, पल्लाही जास्त आहे. पण बहुतेक शिकार दोन-तीनशे मीटरच्या आतच होते आणि तेवढ्यासाठी १८९२ चे गणित अजूनही पुरते. १९८० मध्ये बाजारात आलेले ७ मिमी-०८ रेमिंग्टन हे काडतूस आखूड पुंगळीतून साधारण तेच काम करते. जुन्या पुंगळीचे तोंड अरुंद करून .२५७ रॉबर्ट्स आणि ६ मिमी रेमिंग्टन ही काडतुसेही तयार झाली. म्हणजे मूळ कल्पना बदललेली नाही. माणसाच्या खांद्याला झेपेल एवढा दणका आणि कामाला पुरेल एवढी ताकद, यांचा समतोल एकदा सापडला तो सापडला. कारण माणसाचा खांदा आणि हरणाचे शरीर सव्वाशे वर्षांत बदललेले नाही.

भारतात याचा अर्थ काय?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. वाघ माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला आणि त्याला पकडणे किंवा बेशुद्ध करणे शक्य नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे देऊन त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. यवतमाळमधील ‘टी-१’ म्हणजेच अवनी वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली, तेव्हा गोळी कुणी, कशी आणि कोणत्या परिस्थितीत झाडली यावरून मोठा वाद झाला. एकीकडे शेतात जायला घाबरणारे गावकरी, दुसरीकडे दोन पिल्लांची आई. चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत ही कोंडी आजही सुटलेली नाही.

कॉर्बेट यांच्यापुढचा प्रश्नही हाच होता. बळी कुणी घेतला, तो हाच वाघ आहे का, तो असा का झाला आणि दुसरा उपाय उरला आहे का, याची खात्री करण्यासाठी ते दिवसेंदिवस पायी माग काढत. रायफलचे काम एका क्षणाचे असे. त्याआधीच्या आठवड्यांचे काम डोळ्यांचे, कानांचे आणि गावकऱ्यांशी बोलण्याचे. काडतूस त्यातला सगळ्यात सोपा भाग होता.